जेंडर आणि शालेय शिक्षणाच्या सेमिनारला दर आठवड्याचा रिस्पॉन्स कसा लिहायचा (पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी)

एम.ए.ला शिक्षणशास्त्र, स्त्री अभ्यास किंवा समाजशास्त्र घेतलं की कुठल्या तरी सेमिस्टरला हा पेपर समोर येतोच. पहिल्या तासाला मॅडम सांगतात की दर आठवड्याला दोन रीडिंग असतील आणि वर्गाच्या आदल्या रात्रीपर्यंत पाचशे शब्दांचा रिस्पॉन्स अपलोड करायचा, आणि मागच्या बाकावर नांदेड, बीड, चंद्रपूरहून आलेली मुलंमुली एकमेकांकडे बघायला लागतात कारण बी.ए.ला आपण फक्त नोट्स आणि प्रश्नोत्तरं लिहिलेली असतात, रिस्पॉन्स नावाचा प्रकार कुणी शिकवलेलाच नसतो. मी हे सगळं केलंय, नंतर ज्युनिअर्सचे रिस्पॉन्सही बरेच वाचलेत, म्हणून सविस्तर लिहितेय. शब्दमर्यादा, भाषा, मार्क हे विभागाप्रमाणे बदलतं ते तुमच्या कोर्स आउटलाइनमध्ये बघा, बाकी पद्धत सगळीकडे लागू पडते.

१. रिस्पॉन्स म्हणजे सारांश नाही

हे आधी डोक्यात पक्कं बसू दे. शिक्षकांनी तो लेख वाचलेला आहे, बहुतेक दहा वेळा वाचलेला आहे, त्यामुळे लेखात काय आहे हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं नसतं. लेखातल्या कुठल्या जागी तुम्ही थांबलात, का थांबलात, आणि तिथून वर्गात कुठला प्रश्न आणताय एवढंच बघायचं असतं. सारांश लिहायचाच तर तीन-चार ओळी, त्याही तुमचा मुद्दा कळायला लागतील तेवढ्याच.

आणि तो आदल्या रात्री का मागतात? कारण चांगले शिक्षक सगळ्यांचे रिस्पॉन्स वाचून दुसऱ्या दिवशीची चर्चा त्यातून उभी करतात. तुम्ही लिहिलेला प्रश्न वर्गात अर्धा तास चालू शकतो. जे तासाला तोंड उघडायला घाबरतात त्यांच्यासाठी तर ही फार मोठी सोय आहे, बोलणं आधीच कागदावर झालेलं असतं.

२. हाताशी काय काय ठेवायचं

- कोर्स आउटलाइन (शब्दमर्यादा, डेडलाइन, संदर्भ देण्याची पद्धत यात असते, प्रिंट काढून भिंतीला लावा)
- रीडिंगची पीडीएफ, आणि जमत असेल तर झेरॉक्स. पेनाने कडेला लिहिता येतं, मोबाईलवर ते होत नाही
- एक वेगळी वही, फक्त या पेपरची
- गूगल डॉक्स. स्कॅन केलेली पीडीएफ ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली की अक्षरं ओळखली जातात, देवनागरीसुद्धा, फक्त जोडाक्षरं तपासून घ्या
- झोटेरो, हे फुकट आहे, संदर्भ साठवायला. पहिल्याच आठवड्यापासून वापरा
- महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाईटवर जुने ग्रंथ मोफत मिळतात, महात्मा फुले आणि सावित्रीबाई फुले यांचं समग्र वाङ्मय त्यात आहे. बालभारतीची पुस्तकंही ई-बालभारतीवर आहेत. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच डाउनलोड करून ठेवा

एक तांत्रिक गोष्ट: मराठीत टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. गावाकडच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाईल शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दाखवते आणि मग तो आठवडा वाया जातो.

३. आठवडा कसा लावायचा

समजा वर्ग गुरुवारी आहे आणि डेडलाइन बुधवारी रात्री. शुक्रवारी-शनिवारी पहिलं वाचन, रविवारी दुसरं, सोमवारी कच्चं लिखाण, मंगळवारी एक दिवस त्याला हातच लावायचा नाही, बुधवारी दुपारी नीट करून पाठवायचं. बुधवारी रात्री अकराला हॉस्टेलचं वायफाय सगळ्यांचंच एकदम बंद पडतं तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. नोकरी करून शिकत असाल तर एवढे दिवस मिळणार नाहीत हे मला कळतं, पण दुसरं वाचन आणि लिखाण यांच्यात निदान एक रात्र तरी जाऊ द्या.

४. दोनदा वाचा, पण दोन वेगळ्या कामांसाठी

पहिल्या वेळेस पेन हातात घेऊ नका, सरळ वाचत जा, अडलेले शब्द सोडून द्या. संपलं की वहीत आपल्या भाषेत दोन ओळी लिहा: हा माणूस किंवा ही बाई कुणाशी भांडतेय आणि काय म्हणतेय. एवढं लिहिता आलं तर लेख कळला समजा.

दुसऱ्या वेळेस पेन घेऊन बसा आणि फक्त तीन प्रकारच्या खुणा करा. जिथे पटलं नाही तिथे, जिथे काहीतरी राहून गेलंय असं वाटलं तिथे, आणि जिथे मागच्या आठवड्याचं रीडिंग आठवलं तिथे. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवून काही हाती लागत नाही. खूण केली की पान नंबर लगेच वहीत लिहा, बुधवारी रात्री पान नंबर शोधण्यात जाणारा वेळ भयंकर असतो.

५. एकच जागा पकडा आणि तिथेच खोल जा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे म्हणून इथे जास्त लिहिते, आणि खरं उदाहरण घेऊनच सांगते.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच कोर्समध्ये १८८२ च्या हंटर आयोगासमोरचं (ब्रिटिश सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेला आयोग) जोतीराव फुल्यांचं निवेदन असतं. आता बहुतेक जण काय लिहितात? की महात्मा फुले थोर समाजसुधारक होते, त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले, आणि आज मुली शिकतायत ती त्यांचीच कृपा. हे सगळं मनापासून लिहिलेलं असतं आणि त्या दोघांबद्दलचा आदर आपल्या सगळ्यांच्याच मनात आहे, पण हे ३ जानेवारीचं भाषण झालं. त्यासाठी निवेदन वाचायची गरजच पडली नाही, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

आता निवेदन उघडा आणि बघा की मुली त्यात कुठे कुठे येतात. सुरुवातीला स्वतःच्या अनुभवाची ओळख करून देताना मुलींच्या शाळेचा उल्लेख आहे, आणि त्या शाळेत आपण व आपली पत्नी दोघांनी मिळून बरीच वर्षं काम केलं असं ते सांगतात. मग पुढे मोठा भाग शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होणारा खर्च, बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, शिक्षक कुठल्या जातीतले असावेत आणि त्यांना पगार किती द्यावा, मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल, थोडं शेतीचं ज्ञान असा अभ्यासक्रम, यावर आहे. आणि अगदी शेवटी मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार जास्त उदारपणे व्हावा अशी विनंती येते.

म्हणजे मुली सुरुवातीला आणि शेवटी. मग मधला भाग कुणाबद्दल आहे? ही तुमची जागा. यावर असं लिहिता येईल:

“फुल्यांचं निवेदन प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हणतं तेव्हा ते मुलामुलींना वेगळं काढत नाही. पण अभ्यासक्रमाचं वर्णन वाचताना माझ्या डोळ्यासमोर शेतकऱ्याचा मुलगाच येत राहिला. शेतीचं ज्ञान मुलीनेही घ्यायचं होतं का? शेतात राबणारी तर तीही होती. निवेदन याबद्दल काही बोलत नाही. ज्या जोडप्याने मुलींची शाळा स्वतः चालवली त्यांच्यासाठी मुलींचा प्रश्न दुय्यम होता असं मला म्हणता येणार नाही. मला वाटतं आयोगापुढची मुख्य लढाई सरकारी पैसा वरच्या जातींकडे जातोय ही होती, आणि त्या लढाईत ‘बहुजन’ हा शब्द मुलींना आपोआप सामावून घेतो असं गृहीत धरलं गेलं. हे गृहीतक आज आपण ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणतो तेव्हाही चालू आहे का, यावर वर्गात बोलायला आवडेल.”

बघा यात काय केलंय. एक जागा, त्या जागेबद्दल एक शंका, शंकेला स्वतःच दिलेलं उलट उत्तर, आणि शेवटी प्रश्न. फुल्यांचा अपमान नाही आणि आरतीही नाही. इथे पान नंबर टाकले की रिस्पॉन्सचा गाभा तयार.

दुसरं रीडिंग असेल तर ते याच जागेला आणून भिडवा, वेगळा परिच्छेद करून दुसरा सारांश लिहू नका. उदाहरणार्थ त्याच आयोगासमोर पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली होती. त्यांनी स्त्री शिक्षिका तयार करा, त्यांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्या, मुलींच्या शाळा तपासायला स्त्री निरीक्षक नेमा, बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशा मागण्या केल्या आणि शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात हेही स्पष्ट सांगितलं. आता दोन्ही शेजारी ठेवा. शिक्षकाचा पगार दोघांकडे आहे, पण एकाला शिक्षकाची जात दिसतेय आणि दुसरीला शिक्षकाचं बाई असणं दिसतेय. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ पण १८८२ चीच. एकाच वर्षात, याच मराठी मुलखात, तीन लोक तीन बाजूंनी बोलतायत. आणि त्याच्याही सत्तावीस वर्षं आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ज्ञानोदय या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आला. तो निबंध वाचल्यावर ‘मुलींचं शिक्षण’ असं सरसकट म्हणताना हात थांबतो. कुठल्या मुली? हा प्रश्न या पेपरला प्रत्येक आठवड्याला विचारा, कधीच वाया जात नाही.

६. रीडिंगचा प्रकार बघून प्रश्न बदला

*धोरण किंवा समितीचा अहवाल असेल तर:* त्यात मुलगी कशासाठी शिकतेय ते शोधा. चांगली आई व्हायला, देशाच्या विकासाला, लोकसंख्या कमी करायला, की तिच्या स्वतःसाठी? हंसा मेहता समितीने साठच्या दशकात मुलामुलींना वेगळा अभ्यासक्रम नको असं सांगितलं, १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात स्त्रियांच्या समानतेसाठी शिक्षण असा भाग आला, २०२० च्या धोरणात जेंडर इन्क्लुजन फंड आला. दर वेळी भाषा बदललीय, ती कुठल्या क्रियापदांनी बदललीय ते पेनाने खूण करत बघा. ‘देण्यात येईल’ कुठे आहे आणि ‘प्रयत्न करण्यात येतील’ कुठे आहे एवढं बघितलं तरी अर्धा रिस्पॉन्स होतो.

*आकडे असतील तर:* आकडा कुणाचा आहे ते आधी बघा. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) म्हणतं की देशात दहा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या स्त्रिया ४१ टक्के आणि पुरुष ५०.२ टक्के. हा आकडा घेऊन ‘आजही मुली दहावीपर्यंत पोहोचत नाहीत’ असं लिहिणारे खूप असतात. पण तो १५ ते ४९ वयाच्या सगळ्यांचा आहे, म्हणजे यात जवळपास १९८७ च्या सुमारास दहावीच्या वयात असलेल्या बायकाही आल्या. आजच्या शाळेबद्दल बोलायचं तर यूडायस, म्हणजे शाळांकडून दरवर्षी गोळा होणारी सरकारी आकडेवारी, बघावं लागेल. आणि पटावरची मुलामुलींची संख्या जवळपास सारखी दिसली म्हणून खुश होऊ नका, एकाच घरातला मुलगा इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, हे पटाच्या बेरजेत दिसत नाही.

*पाठ्यपुस्तक असेल तर:* नुसती चित्रं मोजू नका. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं, त्याची बरीच चर्चा झाली आणि बदल चांगलाच आहे. पण पुढे जाऊन विचारा की धड्यांमध्ये निर्णय कोण घेतं, प्रश्न कोण विचारतं, घराबाहेर एकटं कोण जातं.

*वर्गनिरीक्षणावरचा लेख असेल तर:* संशोधक वर्गात कुठे बसला होता किंवा बसली होती, आणि मुलं त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलली, एवढं आवर्जून बघा.

७. स्वतःची शाळा कशी आणायची

या पेपरची गंमत अशी की विषय आपण दहा-बारा वर्षं जगून आलेलो असतो. हजेरीपटावर आधी सगळ्या मुलांची नावं आणि मग मुलींची. सव्वीस जानेवारीला रांगोळी आणि स्वागतगीत मुलींकडे, बाकं उचलणं आणि मांडव मुलांकडे. वर्ग झाडायच्या पाळ्या. पीटीच्या तासाला ग्राउंड मुलांचं आणि मुली कडेला लिंबाखाली. शेवटची एसटी पाचला असल्यामुळे जादा तासाला न थांबणाऱ्या मुली, ज्यांना ‘अभ्यासात रस नाही’ असं सर म्हणायचे. एसटीचा मोफत पास होता, पण एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नव्हती.

हे सगळं लिहा, जरूर लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की आपलं हे काय विद्यापीठात सांगायचं, पण हाच तुमचा साठा आहे आणि तो शहरात वाढलेल्या वर्गमैत्रिणीकडे नसतो. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, आठवण तीन-चार ओळींची ठेवा आणि लगेच लेखातल्या पानाशी जोडा. ‘लेखिका म्हणते की शाळेची शिस्त शरीरावर लिहिली जाते, हजेरीपटाचा क्रम मला त्यात बसतो का?’ असं. दीड पान आठवण आणि शेवटी एक ओळ लेख, हे चालत नाही.

दुसरी, आठवण म्हणजे पुरावा नाही, ती एक जागा आहे जिथून प्रश्न सुचतो. तुमच्या शाळेत होतं म्हणून महाराष्ट्रात सगळीकडे होतं असं होत नाही. आश्रमशाळेत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात, कॉन्व्हेंटमध्ये गोष्टी फार वेगळ्या असतात.

तिसरी, लोकांना जपा. पाळीवरून चिडवलेली मैत्रीण, नववीत लग्न झालेली बाकावरची सोबतीण, छेड काढणारे सर, यांचं नाव-गाव-शाळा काही टाकू नका. रिस्पॉन्स सगळ्या वर्गाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये जातो. आणि स्वतःवर बेतलेलं काही असेल तर ते लिहिलंच पाहिजे असा कुणाचाही हक्क तुमच्यावर नाही, शिक्षकांचाही नाही. एखाद्या आठवड्याचं रीडिंग फारच लागलं तर त्यांना तसं सांगून दुसरं रीडिंग मागता येतं.

मुलग्यांसाठी वेगळं सांगते. ‘मी पुरुष आहे, मी काय बोलणार’ असं लिहून मोकळे होऊ नका. तुम्हीही शाळेतच मुलगा व्हायला शिकलात. रडल्यावर काय म्हणायचे, मार खाल्ल्यावर कसं उभं राहायचं, ऊसतोडीला आईबाप गेल्यावर पोरं कुठल्या कामाला लागली आणि पोरी कुठल्या, हे तुमच्याकडून यायला हवं.

८. इंग्रजीचं काय

बहुतेक रीडिंग इंग्रजीत असतात आणि बऱ्याच ठिकाणी रिस्पॉन्सही इंग्रजीत मागतात. आधी विचारा की मराठीत लिहिलं तर चालेल का, काही विभागांत चालतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नाहीच चाललं तर विचार आणि कच्चं लिखाण मराठीत करा, गूगल डॉक्सला बोलून टाइप करायची सोय आहे, आणि मग इंग्रजीत छोटी-छोटी वाक्यं करून लिहा. लांबलचक अवघड शब्दांनी कुणी इम्प्रेस होत नाही.

सारखे येणारे पंधरा-वीस शब्द असतात, त्यांची वहीच्या मागच्या पानावर यादी करा आणि प्रत्येकापुढे आपल्या शाळेतलं एक उदाहरण लिहा. डिक्शनरीतला अर्थ पाठ करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

चॅटजीपीटीकडून लेखाचा सारांश काढून त्यावर लिहायचा मोह होतो. करू नका. एक तर तो लेखात नसलेल्या गोष्टी सांगतो, पान नंबर चुकीचे देतो, आणि मुख्य म्हणजे जिथे तुम्ही अडखळला असता ती जागाच गुळगुळीत करून टाकतो, आणि अडखळलेल्या जागेवरच तर लिहायचं असतं. भाषा तपासायला वापरायचं असेल तर विभागाचा नियम काय आहे ते आधी बघा.

९. नेहमी होणारे घोळ

- ‘प्राचीन काळापासून भारतात स्त्रियांना…’ अशी सुरुवात. पहिलीच ओळ लेखातल्या जागेपासून करा
- जेंडर म्हणजे फक्त मुली असं धरणं
- ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ हा शेवट. कुणाची, कोण बदलणार, शाळेत नेमकं काय केल्याने? उत्तर नसेल तर ते वाक्य काढा
- लेखक परदेशी आहे म्हणून ‘हे आपल्याकडे लागू होत नाही’ एवढंच म्हणून सोडून देणं. काय लागू होत नाही आणि का, ते लिहा
- अवतरणांनी भरलेलं पान. पाचशे शब्दांत दोन छोटी अवतरणं खूप झाली
- व्हॉट्सॲपवर आलेलं सावित्रीबाईंचं वाक्य. समग्र वाङ्मयात सापडलं तरच वापरा. त्यांची जोतीरावांना लिहिलेली पत्रं तिथे आहेत, ती खरीच वाचा, १८७७ च्या पत्रात जुन्नर-ओतूरकडच्या दुष्काळातल्या कामाबद्दल आहे
- मैत्रिणीचा रिस्पॉन्स वाचून मग आपला लिहिणं. सॉफ्टवेअर नंतर पकडतं, शिक्षक त्याआधीच पकडतात

१०. पाठवल्यावर

वर्गात जाताना रिस्पॉन्सची प्रिंट आणि लेख दोन्ही न्या. तुमचा प्रश्न चर्चेला आला तर पान उघडून दाखवता आलं पाहिजे. बोलायला जमत नसेल तर शेवटचा प्रश्न फक्त वाचून दाखवा, सुरुवात म्हणून तेवढं पुरतं.

परत आलेल्या कॉमेंट्स वाचून फाईल बंद करू नका. ‘हे जास्त उलगडा’ असं जिथे लिहिलंय ती जागा वहीत उतरवा. ‘पुरावा?’ असं लिहिलं असेल तर तो राग नसतो, त्या जागी पान नंबर किंवा आकडा हवाय एवढंच. मार्क कमी पडले तर ऑफिस अवरला जा आणि तुमचा एकच परिच्छेद पुढे ठेवून विचारा की हा कसा बदलू. सगळा रिस्पॉन्स कसा होता असं विचारलं की ‘ठीक होता’ एवढंच उत्तर मिळतं.

सगळ्या फाईल एका फोल्डरमध्ये ठेवा, नाव देताना आठवडा आणि रीडिंगच्या लेखकाचं आडनाव टाका. सेमिस्टरच्या दोन-तृतीयांशाला टर्म पेपरचा विषय मागतात तेव्हा हे सगळे रिस्पॉन्स एका बैठकीत सलग वाचून काढा. एकच प्रश्न तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला सापडेल, कुणाच्या बाबतीत तो शिक्षिकांचा असतो, कुणाच्या बाबतीत एसटीचा, कुणाच्या बाबतीत मुलग्यांच्या मारामाऱ्यांचा. तोच विषय घ्या, आणि त्याच आठवड्यात गाइडची वेळ मागून घ्या कारण नंतर त्यांच्या दारात रांग लागते.